‘सगळा धुवान जाता’, पण जाता खय?

आमच्या वाडीच्या डोक्यावर, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची एक बंद पडलेली खाण आहे. चिरे संपले, मशीन दुसऱ्या सड्यावर गेलं आणि मागे उरला खरवसाच्या वडीसारख्या सरळ कडांचा मोठा खड्डा. रिकामा खड्डा दिसला की माणसाचा हात शिवशिवतो. आधी कुणीतरी पाडलेल्या घराचा राडारोडा आणून ओतला. मग एका लग्नाच्या जेवणावळीतल्या पत्रावळ्या आणि ग्लास आले. मग बाजारपेठेतला टेम्पो यायला लागला. आता कोंबडीच्या पिसांपासून डायपरपर्यंत आणि आंब्याच्या कोयींपासून फुटक्या ट्यूबलाइटपर्यंत सगळं त्यात आहे.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा थोरल्या काकांजवळ विषय काढला. ते पान जुळवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "अरे, पावस पडलो काय सगळा धुवान जाता. दर वर्षी जाता."

काका खोटं बोलत नाहीत. ऑगस्टमध्ये जाऊन बघितलं तर ढीग खरोखरच बसलेला असतो. मेमध्ये कडेला टेकलेला कचरा हातभर खाली गेलेला दिसतो. तेवढा माल गेला कुठे, हा माझा प्रश्न. त्या ‘जाता’चा पत्ता शोधायला निघालो तर तो फार लांबचा निघाला नाही. काकांच्या विहिरीपासूनच सुरुवात झाली.

आजीचा उकिरडा

आधी एक कबूल करू. टाकून देण्याची आपली पद्धत मुळात चुकीची नव्हती. आजीच्या घरात शेण, पातेरा, चुलीतली राख, माशांची खवलं, भाजीची देठं हे सगळं उकिरड्यात जायचं आणि रोहिणीच्या आधी तिथून शेतात. मोरीचं पाणी पाटाने अळवात आणि केळीत सोडलेलं असायचं. आज ज्याला सांडपाण्याची प्रक्रिया म्हणतात ती अळूची मुळं आणि त्यांच्याभोवतीचे सूक्ष्मजीव गुपचूप करत होते, वर फतफत्याला पानं मिळायची ती वेगळीच. त्यातूनही काही उरलं तर व्हाळात, म्हणजे ओढ्यात. व्हाळ ते पचवायचा, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट कुणाचं ना कुणाचं अन्न होती.

हात तोच राहिला, हातातली वस्तू बदलली. पॉलिथिनचा शोध 1933 सालचा. ते खाऊन जगणारे सूक्ष्मजीव सड्यावरच्या मातीत नावालाही नाहीत. आजीच्या सवयीने आपण आज परसात, व्हाळात, खाणीत जे टाकतो त्यातला निम्मा माल मातीच्या ओळखीचा आहे आणि निम्मा अनोळखी. हे दोन्ही एका पिशवीत बांधून टाकल्यावर जे होतं, ते दोन्ही वेगवेगळं टाकल्यावर झालं नसतं. सगळं रसायनशास्त्र या एका गोष्टीभोवती फिरतं.

खाणीच्या पोटात

कचऱ्याचा ढीग बाहेरून निपचित दिसतो. आत तो भट्टीसारखा चालू असतो.

सुरुवातीचे काही दिवस ढिगात हवा असते. हवेत जगणारे सूक्ष्मजीव शिळा भात, माशांची आतडी, फळांच्या साली खातात, ढीग गरम होतो. वरून आणखी कचरा पडला की आतली हवा कोंडते आणि संपते. मग पाळी येते बिनहवेच्या सूक्ष्मजीवांची. त्यांचं काम आपल्याला परिचयाचं आहे, कारण माडाची नीरा तशीच ठेवली की आंबते आणि तिची माडी होते. ढिगातही आंबण्याची क्रिया अशीच पुढे सरकते आणि निरनिराळी आम्लं तयार होतात.

आता आंबट काय करतं ते कोकणातल्या बाईला शिकवायला नको. न्हाणीतला तांब्याचा काळा पडलेला हंडा आमसूल लावून घासला की लख्ख होतो, कारण आंबटाने वरचा थर विरघळतो. खाणीत हेच होतं, फक्त तिथे हंड्याच्या जागी टीव्हीच्या सर्किटला दिलेला शिशाचा डाग, म्हणजे सोल्डर असतो, बॅटरीतलं जस्त आणि कॅडमियम असतं, रंगाचे डबे असतात. एकटी पडलेली बॅटरी कोरड्या जागी वर्षानुवर्षं फारसं काही करत नाही. तिच्याशेजारी आंबलेला भात आला की ती विरघळू लागते. आंबट ओल्या कचऱ्याने दिलं, धातू सुक्याने दिला.

आम्लं तयार झाली की त्यांच्यावर जगणारे आणखी वेगळे सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि वायू सोडतात. त्यात साधारण निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड, शिवाय कुजक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड थोडासा. ढीग हातभर बसतो त्याचं एक कारण हेच: त्यातला काही भाग वायू होऊन निघून जातो. मिथेनला वास नसतो, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवतो. आणि तो जळतो. ‘खाणीत आपोआप आग लागली’ असं लोक म्हणतात तेव्हा कुणीतरी टाकलेली बिडी असतेच, पण ती आग आठ-आठ दिवस आत धुमसत राहते त्यात या वायूचाही हातभार असतो.

वायू वर गेला, आंबट पाणी खाली. त्या काळ्या पाण्याला इंग्रजीत लीचेट म्हणतात. मी त्याला कचऱ्याचा रस म्हणेन, कारण तो अक्षरशः पिळून निघालेला असतो. पिळणारा पाऊस.

हा पाऊस किती, याचा हिशोब एकदा करून बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ढोबळमानाने 3000 मिलिमीटर पाऊस धरू. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर 3000 लिटर पाणी. आमची खाण 30 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद असेल. तिच्यावर थेट पडणारं पाणी झालं 18 लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या 180 फेऱ्या, त्याही जेमतेम चार महिन्यांत. सड्यावरून वाहत येऊन आत शिरतं ते यात धरलेलंच नाही. घाटावरच्या कोरड्या तालुक्यात असाच ढीग कितीतरी हळू पिळला जाईल.

जांभा म्हणजे चाळण

आता या पाण्याची वाट. इथे कोकणची जमीन समजून घ्यायला हवी, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

चिरा हातात घेऊन बघा. त्याला किड्याने पोखरल्यासारखी भोकं असतात, आडवीतिडवी, काही एकमेकांना जोडलेली. जांभा म्हणजे ऊन आणि पाऊस खाऊन खाऊन काळ्या पाषाणाचं झालेलं रूप. त्यातलं विरघळणारं बहुतेक सगळं वाहून गेलं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तो तांबडा. या सच्छिद्र थराच्या खाली बहुतेक ठिकाणी मऊ, चिकण मातीचा थर असतो. विहीर खणणाऱ्यांना तो बरोबर ठाऊक असतो. पाणी जांभ्यातून सरसर उतरतं, चिकण मातीवर अडतं आणि आडवं चालू लागतं. सड्याची कड जिथे तुटते तिथे ते झरा होऊन बाहेर येतं. आपल्या कितीतरी वाड्या त्या झऱ्यांच्या रेषेवर बसल्या आहेत. वर सडा, मध्ये वाडी, खाली मळे आणि व्हाळ.

एवढा पाऊस पडूनही एप्रिलमध्ये टँकर का लागतो, त्याचंही उत्तर या रचनेत आहे. जांभा पाणी धरून ठेवत नाही, पुढे ढकलतो. जी जमीन पाणी थांबवत नाही ती पाण्यातली घाणही थांबवत नाही. इतर ठिकाणी पाणी मातीच्या बारीक कणांमधून झिरपताना गाळलं जातं, रोगजंतू वाटेत मरतात. जांभ्याच्या नळ्यांतून ते धावत येतं.

आणि चिरेखाण म्हणजे काय? वरचा कठीण कातळ आणि जी काही वीतभर माती होती ती काढून पाण्याच्या वाटेचं तोंड उघडं करणं. कचरा टाकायला सड्यावर याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही, आणि आपण नेमकी तीच शोधली.

जांभ्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. त्यातला लोखंडाचा गंज, म्हणजे तो तांबडा रंग, काही धातूंना आणि फॉस्फेटला स्वतःला चिकटवून ठेवतो. थोडं विष तो गिळतो म्हणा ना. पण ही मदत हवा आहे तोवरच. रसाबरोबर प्राणवायू नसलेलं पाणी सतत येत राहिलं की गंज स्वतःच विरघळू लागतो आणि चिकटवून ठेवलेलं सोडून देतो. शिवाय कोकणची माती मुळात आंबट, त्यामुळे शिसं, कॅडमियम, जस्त तिच्यात जास्त मोकळे फिरतात.

विरघळलेलं लोखंड झऱ्यातून बाहेर आलं, हवा लागली की तांबूस बुळबुळीत गाळ बसतो आणि पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो. बघणारा म्हणतो, कुणीतरी डिझेल ओतलं. एक काडी घेऊन तवंग ढवळा. काचेसारखे तुकडे पडले आणि वेगवेगळेच राहिले तर तो लोखंडाचा आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणूंचा तवंग. काडी काढल्यावर तो पुन्हा जुळून आला तर तेलाचा. पहिला तवंग स्वच्छ पाणथळीतही दिसू शकतो, म्हणून तेवढ्यावर घाबरू नका. पण पूर्वी कधी नसलेला तांबडा गाळ खाणीत कचरा पडायला लागल्यानंतर झऱ्यावर दिसू लागला असेल, तर वरून काय उतरतंय ते बघायला हवं.

विहीर आणि टीसीएल

काकूने तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा सांगितलं होतं, "पाण्याक कसलो तरी वास येता." ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आला, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून गेला. वास गेला. प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं.

टीसीएल जंतू मारतं, आणि ते काम मोठं आहे; ते थांबवा असं मी मुळीच म्हणत नाही. पण शिसं जंतू नाही. नायट्रेटही जंतू नाही. कुजणाऱ्या कचऱ्यातून आणि शौचालयाच्या टाकीतून अमोनिया उतरतो, हवा मिळाली की त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं भारतीय मानक सांगतं. जास्त झालं तर सगळ्यात आधी फटका बसतो तो वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. बाळासाठी पाणी उकळून घेतो, असं आई म्हणते. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र पाणी आटल्यामुळे थोडं वाढतंच.

शौचालयाचा उल्लेख ओघात आला, पण त्याचा वाटा ओघातला नाही. शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा-वीस मीटर दूर असावा असं सांगतात. मातीत ते ठीक. जांभ्याची एखादी नळी थेट खड्ड्यातून विहिरीकडे जात असेल तर ते अंतर कागदावरच राहतं. आपल्या वाड्यांमध्ये घराला घर लागून, खड्डा वरच्या अंगाला आणि विहीर खालच्या अंगाला, हे चित्र सर्रास आहे. शेजाऱ्याला सांगायची सोय नसते. आणि काही घरांत टाकीचा पाइप सरळ व्हाळात सोडलेला असतो, तो पावसात कुणाच्या लक्षात येत नाही.

मातीचं काय? भातखाचरात उतरलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या नांगराला अडकतात ते दिसतं. न दिसणारी गोष्ट उंदरांची. ढिगाभोवती उंदीर माजतात, त्यांचं मूत्र पावसाच्या पाण्याबरोबर खाचरात येतं आणि लावणीला चिखलात उतरलेल्या माणसाच्या पायाच्या चिरेतून लेप्टोच्या तापाचे जंतू आत शिरतात. सिंधुदुर्गात लेप्टो ही पुस्तकातली गोष्ट नाही. उंदीर खाचरात तसेही असतात. खाणीतल्या कचऱ्याने आपण त्यांना वर्षभराचा शिधा लावून दिला.

चढणीचे मासे

पुढचा पत्ता व्हाळ. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात मासे उलट्या दिशेने, प्रवाहाविरुद्ध वर चढतात, अंडी घालायला. चढणीचे मासे धरायला रात्री कंदील, आता बॅटरी घेऊन जाणं हा आमच्याकडचा सण. नेमक्या त्याच पहिल्या पावसात आठ महिन्यांची साठलेली घाण एका दमात खाली येते. पुढच्या पावसात पाणी इतकं असतं की सगळं पातळ होऊन जातं. पहिला लोंढा मात्र घट्ट असतो. तो आणि अंड्यांनी भरलेला मासा एकाच व्हाळात समोरासमोर येतात.

यात मासा मरतो तो बहुतेक वेळा विषाने नाही, गुदमरून. तीस अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 7.5 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. बहुतेक माशांना निदान 4-5 लागतो. म्हणजे शिल्लक फारच थोडी. पाण्यात कुजणारी घाण आली की ती खाणारे जिवाणू वाढतात आणि तोच प्राणवायू वापरतात. घाण किती प्राणवायू मागते हे मोजता येतं. घरगुती सांडपाणी लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम मागतं. ताज्या कचऱ्याचा रस 10 हजारांच्याही पुढे जाऊ शकतो. आता भागाकार करा: असा एक लिटर रस सुमारे तेराशे लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू संपवायला पुरेसा आहे. वाहत्या, उड्या मारणाऱ्या व्हाळात हवा परत मिसळत राहते म्हणून मासे तग धरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रवाह मंदावला, डोहात पाणी साचलं, की तीच घाण जड जाते.

आंबा कॅनिंगच्या हंगामात साली-कोयी व्हाळाच्या कडेला ओतणाऱ्यांना वाटतं की हे तर झाडाचंच आहे, याने काय होणार? गोड रसाइतका प्राणवायू खाणारी दुसरी वस्तू शोधावी लागेल. मासळी बाजाराच्या धुवणाचंही तसंच. नैसर्गिक असणं आणि निरुपद्रवी असणं यांत फरक आहे, आणि तो प्रमाणाचा आहे.

सह्याद्रीच्या धारेपासून समुद्र कावळ्याच्या वाटेने पन्नास किलोमीटरच्या आसपास. गोदावरी नाशिकची घाण घेऊन निघाली तर बंगालच्या उपसागरापर्यंत दीड हजार किलोमीटर तिला निवळायला मिळतात. आपल्या नद्यांना ती सवलत नाही. सकाळी सड्यावरून निघालेलं पाणी भर पावसात त्याच दिवशी खाडीत असतं.

खाडीत मात्र ते सरळ पुढे जात नाही. दिवसातून दोनदा भरती त्याला मागे ढकलते. ओहोटीला बाहेर, भरतीला आत, असं झुलत झुलत त्यातला बारीक गाळ खाली बसतो, आणि धातू बहुतेक त्या गाळालाच चिकटलेले असतात. पावसाळा सरला, नदीचा जोर कमी झाला, की हे झुलणं आणखी लांबतं. खाडीचा काळा चिखल म्हणजे वरच्या गावांची वही आहे. त्या चिखलात तिसऱ्या, मुळे, कालवं असे शिंपल्यांतले जीव राहतात आणि पाणी गाळून गाळूनच जगतात. दिवसभरात कित्येक लिटर पाणी त्यांच्या अंगातून जातं. त्यातलं नको ते अंगात साठतं.

पारा या बाबतीत सगळ्यात दगाबाज. बिनहवेच्या चिखलातले जिवाणू त्याचं मिथाइल पारा या रूपात रूपांतर करतात, मग तो लहान जिवातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात असा वाढत वाढत आपल्या ताटात येतो. जपानच्या मिनामाता उपसागरात हे जगाला कळलं. तिथल्या कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांच्या मेंदूपर्यंत पोहोचला होता. 1956 साली तो आजार पहिल्यांदा अधिकृतपणे नोंदला गेला. आमच्या खाणीतल्या दहा-वीस ट्यूबलाइटमुळे मिनामाता होणार नाही, एका ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅमच पारा असतो. पण खाडीच्या काठी रसायनांचे कारखाने येतात तेव्हा तिथले मच्छीमार चिडून का उठतात, हे समजायला मिनामाता माहीत असावं.

समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात सांगतो. ऊन आणि रेती मिळून पिशवीचे तुकडे करतात, तुकड्यांचे तुकडे होतात. 5 मिलिमीटरच्या आतला तो सूक्ष्म प्लास्टिक. तो संपत नाही, फक्त दिसेनासा होतो. कांदळवनात तिवरांची श्वासमुळं चिखलातून वर डोकावतात, त्यांच्यावर पिशव्यांचा थर बसला की झाड खालून गुदमरतं. मासेमारीची बंदी उठल्यावर डोल जाळ्यांत पहिल्या फेऱ्यांना बोंबलांबरोबर काय येतं ते खलाशांना विचारा. तुटून समुद्रात राहिलेलं नायलॉनचं जाळं मालक नसतानाही मासे धरत राहतं. हा कचरा पर्यटकांनी टाकलेला नाही, आपल्याच बोटींवरचा आहे. उलट पावसाळ्यात किनाऱ्यावर येणारे डांबराचे काळे गोळे, जे तळपायाला चिकटले की खोबरेल तेलाशिवाय सुटत नाहीत, ते जहाजांतून आणि तेलाच्या विहिरींतून सांडलेल्या तेलाचे असतात. ते पाप आपल्या गावाचं नाही.

न्हाणीची चूल

उरला वर जाणारा पत्ता. हवेचं प्रदूषण म्हटलं की लोकांना मुंबई आठवते. मला आठवते न्हाणीची चूल.

पहाटे आंघोळीचं पाणी तापवायचं, लाकडं दमट, मग पेटवायला काय? दुधाची पिशवी, वेफरचं पाकीट, चपलेचा तुकडा. झटकन पेटतं. फुंकणी हातात घेतलेल्या बाईचं तोंड तिथून दोन हातांवर असतं. माझ्या मते गावातलं सगळ्यात वाईट प्रदूषण हेच, खाणीतल्या आगीपेक्षाही, कारण ते रोजचं आहे आणि नाकासमोर आहे. धुराच्या ज्या कणांना 2.5 मायक्रॉनचे कण म्हणतात ते आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याइतके बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात.

सगळं प्लास्टिक जळताना सारखं नसतं. दुधाची पिशवी जळाली तर काजळी आणि कर्करोगाला निमंत्रण देणारी काही संयुगं निघतात. पीव्हीसी जळालं तर त्याहून वाईट. पीव्हीसीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग, 57 टक्के, क्लोरीन असतो. विजेच्या वायरचं वेष्टण, जुने पाइप, रेक्झिन आणि फ्लेक्सचे बॅनर ही त्याची घराघरांतली रूपं. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लाकडांच्या रचलेल्या माचावर झाकण म्हणून येतो, दोन वर्षांनी फाटतो आणि त्याच लाकडांबरोबर चुलीत जातो. भाऊ, दादा, साहेब सगळे हात जोडून जळतात. अशा मंद आगीतून डायॉक्सिन तयार होतात. अंगात गेलेलं डायॉक्सिन निम्मं व्हायला 7 ते 11 वर्षं लागतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि माणसाच्या शरीरात ते 90 टक्क्यांहून जास्त येतं ते श्वासातून नाही, अन्नातून. राख आणि काजळी गवतावर बसते, गवत गाय खाते, डायॉक्सिन चरबीत साठतं आणि दुधावरच्या सायीत उतरतं. चुलीतून निघालेला धूर अशा वाटेने त्याच घराच्या चहात परत येऊ शकतो.

"आम्ही पिढ्यान् पिढ्या भाजावळ करतो, तेव्हा कोण मेला?" हा प्रश्न हमखास येतो. राब भाजताना, म्हणजे भाताची रोपं करण्याआधी जमीन भाजताना, पाला, शेणी, कवळ जळायचं. धूर तोही वाईटच, पण त्यात क्लोरीन आणि रंगातले धातू जवळपास नव्हते. आता राबात पातेऱ्याबरोबर झाडून आणलेल्या पिशव्याही असतात आणि ती राख तरव्याच्या मातीत मिसळते.

किनाऱ्यावर हवा खेळती असते, धूर उडून जातो, असंही म्हणतात. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते इथे उपयोगी पडतात. दिवसा खारे वारे धूर डोंगराच्या बाजूला नेतात, रात्री मतलई वारे तोच पुन्हा किनाऱ्याकडे आणतात. हिवाळ्यात संध्याकाळी जमिनीलगतची हवा थंड, वरची उबदार अशी स्थिती होते, मग धूर वर जाऊ शकत नाही. खाडीपलीकडच्या गावावर संध्याकाळी निळसर पट्टा आडवा पडलेला दिसतो, पर्यटक त्याचे फोटो काढतात. ते बऱ्याचदा धुकं नसतं.

मग करायचं काय

मघाचं सूत्र इथे धरून ठेवायचं: आंबट ओल्याने दिलं, धातू सुक्याने दिला. भारतातल्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा ओला असतो. तो वेगळा काढला तर आम्लं नाहीत, मिथेन नाही, वास नाही, उंदरांचा शिधा नाही. उरलेला सुका कचरा कोरडा आणि स्वच्छ राहतो, म्हणून भंगारवाला तो घेतो. माशाच्या पाण्याने माखलेली पिशवी कुणीच घेत नाही. ‘ओला-सुका वेगळा करा’ ही घोषणा ऐकून ऐकून गुळगुळीत झाली आहे, पण तिच्यामागचं कारण स्वच्छतेचं कमी आणि रसायनाचं जास्त आहे.

हे गावात तरी अवघड नाही. नारळाच्या आळ्यात भाजीपाला, वर पातेरा. माशांची घाण वीतभर खोल पुरली तर कुत्री उकरतात, हातभर पुरली की नाही. ढीग अधूनमधून परतला, हवा लागली, की वास येत नाही. वास येतोय याचा अर्थ आत हवा संपली आहे. शहराचं म्हणाल तर वेंगुर्ले नगरपरिषदेने घरापासून वर्गीकरण लावून धरलं, ओल्या कचऱ्यातून बायोगॅस केला, प्लास्टिक दळून रस्त्याच्या डांबरात वापरलं, आणि नाक दाबून जायच्या कचरा डेपोवर लोक सहलीला जाऊ लागले. म्हणजे कोकणी माणसाला हे जमत नाही, ही सबब संपली.

डायपर आणि सॅनिटरी पॅडचं मात्र चांगलं उत्तर गावाकडे आज नाही. जाळलं तरी वाईट, पुरलं तरी वाईट. विहिरी आणि व्हाळापासून लांब, कोरड्या जागी पुरणं हे त्यातल्या त्यात कमी वाईट.

आणि भरून बसलेली खाण? ती उपसून वेगवेगळी करणं हा खरा इलाज, पण त्याला पैसा लागतो. तोवर दोन गोष्टी स्वस्तात होतात: वरच्या अंगाला चर मारून सड्यावरचं वाहतं पाणी आत शिरू न देणं, आणि ढिगावर उतार देऊन चिकण मातीचा थर चोपणं, म्हणजे पिळणारं पाणी कमी होतं. यंदा रोहिणी लागायच्या आधी आम्ही आठ जणांनी चर मारला. जांभ्यात पहार मारून हात सोलवटले. माती आणायला ट्रॅक्टर मिळाला नाही, त्यामुळे अर्धंच काम झालं. टेम्पो अजून येतो, आता रात्री येतो.

विहिरीच्या पाण्याचा नमुना काकूने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायला लावला, नायट्रेट आणि धातूही तपासा असं अर्जात लिहून. जंतूंची तपासणी ते न सांगता करतात, बाकीचं मागावं लागतं. रिपोर्ट यायचाय. तोपर्यंत प्यायचं पाणी वरच्या अंगाच्या, खाणीच्या पलीकडच्या झऱ्यावरून येतं, कळशीने. काका सकाळी एक खेप स्वतः घालतात.